वजीर घेतल्यानंतरची चाल

काटेवाल्याला पटावर कधी प्यादं वाचवताना कुणी पाहिलं नव्हतं. धंदा त्याचा वजनकाटे दुरुस्त करायचा. दिवसभर दुकानात वाकून बसायचं, तराजूच्या दांडीखालची पोलादी धार दगडावर घासायची, वजनाच्या बुडातल्या भोकात शिसं ठोकून त्याचं उणं भरून काढायचं, आणि भिंगातून बघायचं की दोन्ही पारडी एका रेषेत आली की नाही. केसभर फरक राहिला तरी गिऱ्हाइकाला काटा देणार नाही. आणि हाच माणूस संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात बुद्धिबळाला बसला की पहिल्या पाच चालींत दोन प्यादी फुकट वाटून मोकळा. म्हणून तिथं त्याचं नाव पडलं होतं उधळ्या.

बायको म्हणायची, “अहो, दिवसभर लोकांची वजनं बरोबर करता आणि संध्याकाळी आपलं हलकं करून येता!”

तो म्हणायचा, “हलकं झालं की पळता येतं.”

शिंप्याचं दुकान सातला थंडावायचं. कापड कापायच्या लांब टेबलावरची खडूची धूळ झटकली जायची आणि तिथं पट मांडला जायचा. साडेआठला शटर खाली. दीड तासाचा वेळ, पट एक आणि खेळणारे सहा. त्यामुळे तिथं एक नियम आपोआप पडून गेला होता. वजीर गेला की उठायचं. पुढं खेळून पाहू, एखादी संधी मिळेल, हे चोचले नाहीत. बाकीचे चौघं भिंतीला टेकून आपली पाळी मोजत असायचे. वजीर गेला रे गेला की कुणीतरी म्हणायचं, “उठ,” आणि पुढच्याचा हात सोंगट्या गोळा करायला आलेलाच असायचा. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला आठवत नव्हतं. तीस वर्षं चालला होता.

या दरबारात काटेवाला राजा होता, आणि राजा होता तो सुरुवातीच्या जोरावर. डाव कसा संपवावा यावर तो कधी बोलायचा नाही. सुरुवात कशी निवडावी यावर मात्र तास न् तास. “ज्याला मोकळं खेळायचंय त्यानं पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकायचं. का? तर वजीर आणि उंट दोघांची दारं एकदम उघडतात. वजिरासमोरचं टाकलं की डाव घट्ट होतो. गर्दीत घुसमटून मरायचं असेल त्यानं खुशाल टाकावं. आपल्याला मध्य फोडायचाय. मध्य फोडायचा तर काहीतरी द्यावं लागतं. एक प्यादं म्हणजे एक चाल विकत घेतली असं समजा.”

“आणि दोन प्यादी?” शिंपी सुतानं दात कोरत विचारायचा.

“दोन प्यादी म्हणजे तू उठलास असं समज.”

दोन प्याद्यांच्या त्या सुरुवातीला त्यांच्यात ‘उधळण’ म्हणत. राजासमोरचं प्यादं पुढं, समोरच्यानंही तसंच केलं की लगेच वजिरासमोरचं प्यादं त्याच्या तोंडात द्यायचं. त्यानं खाल्लं की शेजारचं पुढं करायचं. तेही खाल्लं की उंट बाहेर काढून तिसरंही खायला मोकळं सोडायचं. ते तिसरं खाणारं प्यादं आपला दुसरा उंट उचलतो. एवढं झाल्यावर आपली दोन प्यादी कमी असतात, पण दोन्ही उंट शेजारी शेजारी, समोरच्याच्या राजाकडं तोंड करून, तोफा लावल्यासारखे. समोरचा शहाणा असला तर तो स्वतःचं एक प्यादं मध्ये फेकतो, आपल्या उंटानं ते खाल्लं की घोड्यानं त्या उंटाला डिवचतो. तिथं काटेवाल्याचा चेहरा खुलायचा. उंट मागं घ्यायचाच नाही. तो राजाला शह देत मरायला जातो. राजाला त्याला खावंच लागतं, राजा वजिराजवळून हलतो, वजीर उघडा पडतो, आणि आपला वजीर सरळ रेषेत जाऊन त्याचा वजीर उचलतो. “उठ!” भिंतीकडचे चौघं ओरडायचे. काटेवाला दोन्ही हातांनी सोंगट्या ओढायचा आणि नव्यानं मांडायला लागायचा.

त्याला एकच लेक. नऊ वर्षांची असताना त्यानंच तिला पटाशी बसवली, आणि तिथंच दोघांचं जमेनासं झालं. पोरगी प्यादं द्यायलाच तयार नाही. सगळी प्यादी एकमेकांना धरून भिंतीसारखी उभी करायची आणि भिंतीमागं बसून समोरच्याचं तंगडं कधी उघडं पडतंय ते बघत राहायचं. बाप वैतागायचा. “अगं, हल्ला कर! काय रांगेत उभी राहिल्यासारखी बसलीस?” ती म्हणायची, “बाबा, तुमचं ते प्यादं लंगडं आहे. मी थांबलेय.” आणि चाळीस चालींनी ते प्यादं खायची.

आता ती सव्वीस वर्षांची झाली होती. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पांढऱ्या दिव्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत येतात, मिनिटाला साठ. बुडबुडा, चीर, काठाचा टवका दिसला की ती बाटली उचलून खालच्या पिंपात टाकायची. आठ तास उभं राहून. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण नोकरी कंत्राटाची. महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं, आणि पुढचं कंत्राट निघणार नाही, डोळ्यांच्या जागी कॅमेरे बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशात वेल्फेअरच्या साहेबांनी फळ्यावर कागद लावला. कारखाने, सरकारी खाती आणि शाळा यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत आपला जो कंत्राटी कामगार पहिला येईल त्याला कायम करण्यात येईल. स्पर्धा सात फेऱ्यांची, दर रविवारी एक.

सहा रविवार झाले. लेक दुसरी होती, अर्ध्या गुणानं मागं. पहिला होता पाणीखात्यातला मीटर वाचणारा एक माणूस. त्याला सगळे खांब म्हणत, कारण तो हलायचा नाही. जिंकायचा अधूनमधून, हरायचा कधीच नाही. सातव्या फेरीत गाठ त्याच्याशीच पडली, आणि पांढऱ्या सोंगट्या लेकीच्या. हिशेब सरळ होता. जिंकली तर पहिली आणि नोकरी कायम. बरोबरी झाली तर खांब पहिला.

शनिवारी संध्याकाळी काटेवाला शिंप्याकडं गेलाच नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या टेबलावर त्यानं पट मांडला आणि लेकीला समोर बसवलं.

“उद्या काय खेळणार?”

“नेहमीचंच. वजिरासमोरचं प्यादं.”

“म्हणजे बरोबरी.”

“सहा डावांत चार जिंकलेय मी याच खेळावर.”

“ती चौघं माणसं होती. हा खांब आहे. खांबाशी तू भिंत बांधून बसणार? दोघं मिळून घर बांधा मग.”

ओट्याशी उभी असलेली आई हसली. लेक नाही हसली.

“उद्या तुला जिंकायचंय का टिकायचंय, ते सांग आधी.”

“जिंकायचंय.”

“मग मध्य फोडावा लागेल. त्याला विचार करायला जागाच ठेवायची नाही. तो घट्ट डावांचा माणूस, त्याला उघड्यावर आणायचं. उधळण खेळ.”

“बाबा, माझा तो खेळ नाही.”

“एक दिवसासाठी कर तुझा.”

तिनं पट स्वतःकडं ओढला. मग होकाराची मान हलवली, आणि त्यानं तिला चाली दाखवायला सुरुवात केली. एकेक वाट घेतली. त्यानं तिसरं प्यादं नाही खाल्लं तर काय, घोडा आधी काढला तर काय. ती दोनदा पाहून पाठ करत होती. शेवटी तो त्याच्या लाडक्या वाटेवर आला. मध्ये फेकलेलं प्यादं, डिवचणारा घोडा, मरायला जाणारा उंट, उघडा पडलेला वजीर. त्यानं टक् करून काळा वजीर उचलला.

“पुढं?” लेकीनं विचारलं.

“पुढं काय? वजीर मिळाला.”

“हो, पण त्यानंतर काळ्याची चाल आहे ना?”

“कसली चाल? उठायची.”

“थांबा ना बाबा, मला बघू द्या जरा.” ती पटावर वाकली, बाटलीची चीर शोधताना वाकत असेल तशी.

पण काटेवाल्याचे दोन्ही हात तोवर पटावरून फिरले होते. तीस वर्षांची सवय ती. वजीर घेतला की हात आपोआप सोंगट्या ओढायला जात. सगळा डाव त्याच्या छातीशी गोळा झाला.

“अहो बाबा!”

“वजीर मिळाल्यावर काय बघायचं असतं? चल, आता दुसरी वाट बघू. तो घोडा आधी काढतो तेव्हा...”

“पोरीला बघायचं होतं काहीतरी,” आई म्हणाली.

“तुला प्यादं कोणतं न् पोळपाट कोणता कळत नाही, तू पोळ्या लाट,” तो म्हणाला. लेकीनं दुसरी वाट पाहिली. नंतर जेवणं झाली आणि विषय राहून गेला.

रविवारी दहाला डाव सुरू होणार होते. एका शाळेचं सभागृह होतं, बाकं भिंतीला लावलेली, मधोमध टेबलं आणि भोवती दोरी. पहिला पाव तास बघ्यांना आत सोडत नसत. पंच म्हणून काळा कोट घातलेला एक उंच माणूस होता, त्यानं दारात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. दोरीपाशी उभं राहणाऱ्यानं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आणि ज्याचं माणूस आत खेळतंय त्यानं तर मुद्दाम खोकायचंसुद्धा नाही. “खोकला आला तर बाहेर जायचं. नाहीतर तुमच्या माणसाचा डाव जाईल.”

“मला सर्दीसुद्धा नाही,” काटेवाला म्हणाला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. शेजारी चष्मा लावलेल्या एक बाई खिशात मावेल असा चुंबकाचा पट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका शाळेकडून त्या राखीव खेळाडू होत्या, गणित शिकवायच्या. काटेवाल्याला राहवतंय होय!

“पहिल्या टेबलावर माझी लेक आहे. आज गंमत दाखवते बघा. देऊ का दाखवून?”

“दाखवा की.”

त्यानं चुंबकाच्या बारक्या सोंगट्या बोटांच्या टोकांनी सरकवत उधळण मांडली. बाई हूं हूं करत होत्या. घोड्यानं डिवचलं, उंट मरायला गेला, राजानं खाल्ला, वजिरानं वजीर घेतला.

“पुढं?” बाईंनी विचारलं.

काटेवाला हसला. “कालपासून सगळ्यांना पुढचंच पडलंय. वजीर मिळाला की हो!”

“आणि हा उंट?”

बाईंनी काळा उंट एका बोटानं तिरपा सरकवत आणला आणि थांबवला. पांढऱ्या राजाला शह होता. मधली प्यादी तर उधळून टाकलेली, वाट मोकळी. काटेवाल्यानं पाहिलं. मग बाईंनी त्याच बोटानं कोपऱ्यातल्या काळ्या हत्तीकडं दाखवलं. उंट हलल्यामुळं हत्तीची रांग मोकळी झाली होती, आणि रांगेच्या त्या टोकाला, हत्तीच्या तोंडात, आत्ताच वजीर मारून आलेला पांढरा वजीर उभा होता.

“शह झाकायला वजिरालाच परत यावं लागतं,” बाई म्हणाल्या. “उंट त्याला खातो, तुम्ही उंट खाता. वजीर गेले दोघांचे. प्यादी पाच-पाच. बरोबरीचा डाव आहे. ही वाट जुनी आहे हो, सगळ्यांना माहीत असते.”

काटेवाला पटावर वाकला. “आमच्याकडं... आमच्याकडं इथं उठतात.”

“का?”

काटेवाल्यानं वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. दार उघडलं तसा तो उठला.

आत तो पहिल्या टेबलासमोर दोरीपाशी जाऊन उभा राहिला. पट आडवा दिसत होता, पण त्याला दुरूनसुद्धा कळलं असतं. पांढऱ्याचे दोन्ही उंट बाहेर. काळ्याचा घोडा नुकताच पुढं आलेला, उंटाला डिवचत. खांब हाताची घडी घालून बसला होता. लेकीचं घड्याळ चालू होतं.

ती खेळत नव्हती. दोन्ही कोपर टेबलावर, हनुवटी मुठींवर, आणि नजर पटाच्या एका कोपऱ्यात. काळ्या हत्तीच्या कोपऱ्यात. तिला दिसलं होतं. काल पाहू दिलं असतं तर काल दिसलं असतं. आज दिसलं तेव्हा तीन प्यादी जाऊन चुकली होती, आणि उंट मागं घ्यावा तर प्याद्याचा तोटा घेऊन वरती हल्लाही हातचा जात होता. पुढं जावं तर वजीर जातात आणि समोर खांब उरतो.

काटेवाल्याच्या मनात आलं, थांब म्हणावं, दुसरं काही शोध म्हणावं. पण दुसरं काय, ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं? या घरापासून पुढं तो आयुष्यात कधी गेलाच नव्हता. घशात खवखवायला लागलं. त्यानं तोंडावर हात दाबला. पंच त्याच्याकडं बघत होता. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली, पण तो खोकला नाही.

बावीस मिनिटं गेली. मग लेकीनं मान वर केली आणि दोरीपलीकडं थेट बापाकडं पाहिलं.

त्यानं काय करायचं होतं? डोळे मिचकावले तर खूण, मान हलवली तर खूण, चेहरा पडू दिला तरी खूणच. त्यानं नजर उचलून छताच्या पंख्याकडं लावली आणि पंख्याची पाती मोजत उभा राहिला. तीन पाती. परत मोजली, तीनच. खाली पाहिलं तेव्हा उंट मरायला गेला होता. खांबाच्या राजानं तो उचलला. लेकीच्या वजिरानं वजीर घेतला. खांबानं घडी सोडली, पाण्याचा घोट घेतला, आणि काळा उंट सावकाश तिरपा सरकवत शह दिला.

पुढचे चार तास काटेवाला कुठं उभा राहिला, कुठं बसला, त्यालाही सांगता आलं नसतं. वजीर नसलेला पट त्याला वाचताच येत नव्हता. सोंगट्या ओळखीच्या, घरं ओळखीची, पण कोण पुढं आहे, कोण मागं, काही उमजेना. आत जायचा, बघायचा, बाहेर यायचा आणि गणिताच्या बाईंना विचारायचा.

“आता कोणाचं बरं आहे?”

“तुमच्या मुलीचं थोडंसं. छान दाबतेय ती.”

“दाबतेय म्हणजे?”

“त्याचं एक प्यादं अशक्त आहे, त्याच्यामागं लागलीय.”

अर्ध्या तासानं पुन्हा. “आता?”

“अहो, ते प्यादं मिळवलं तिनं! एक प्यादं वर आहे.”

“म्हणजे जिंकते?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “हत्ती-हत्ती उरलेत. तिची तीन प्यादी, त्याची दोन, सगळी एकाच बाजूला. समोरच्यानं चूक केली नाही तर जिंकता येत नाही.”

“एक प्यादं जास्त असून?”

“असून.”

ज्यानं आयुष्यभर मूठमूठ प्यादी फेकली त्या माणसानं आत जाऊन त्या एका जास्तीच्या प्याद्याकडं टक लावली. लेकीनं ते पुढं नेलं, मागून हत्तीनं ढकललं, राजा शेजारी आणून बसवला. पन्नास चाली झाल्या, सत्तर झाल्या. बाकीची टेबलं रिकामी झाली, बाकं सरकवायला शिपाई येऊन थांबला. खांबानं एकदा बरोबरी विचारली, तिनं मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारली, तेव्हाही नाही. खांब चुकला नाही. त्याला खांब म्हणायचे ते उगीच नाही. अडीचच्या सुमाराला पटावर दोन राजे तेवढे राहिले, आणि दोघांनी हात मिळवले.

शाळेच्या पायऱ्या उतरताना ती पुढं होती, तो दोन पायऱ्या मागं. फाटकापाशी ती थांबली.

“तो शह तुम्हाला माहीत होता, बाबा?”

“नव्हता.”

“काल नव्हता. आज?”

त्यानं चपलेचा अंगठा नीट केला. “आज कळला. व्हरांड्यात. एका बाईंनी दाखवला.”

“कधी?”

“सव्वादहाला.”

तिनं मनातल्या मनात वेळ लावून पाहिली. “म्हणजे मी तुमच्याकडं बघितलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि तुम्ही पंखा बघत होता.”

“मग काय करू, सांग? खोकलो असतो तरी डाव गेला असता तुझा.”

“मी कुठं काय म्हणतेय,” ती म्हणाली. खरंच ती काही म्हणत नव्हती. तेच त्याला झेपेना. घरी जाईस्तोवर त्यानं तिला तीनदा विचारलं, भूक लागली का.

सोमवारी तो शिंप्याकडं गेला. टेबल झाडलेलं होतं, पाचही जण हजर. “काय रे, काय झालं पोरीचं?” शिंप्यानं विचारलं.  काटेवाल्यानं पट ओढला, उधळण मांडली, एकेक चाल करत वजिरानं वजीर घेतला. सवयीनं दोघंतिघं म्हणाले, “उठ!”

“नाही,” काटेवाला म्हणाला. “इथं उठायचं नसतं. इथं उंट आहे.” आणि उंट सरकवून दाखवला.

सगळे वाकले.  पोस्टात असलेल्या एकानं हत्तीची रांग बोट फिरवून दोनदा तपासली.

“म्हणजे,” शिंपी सरळ होत म्हणाला, “आम्ही तीस वर्षं उगाच उठत होतो?”

“उगाच.”

“या इथंच? याच वाटेनं?”

“हो रे बाबा, याच.”

“च्यायला!” शिंपी खाली बसला. “माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी उठवला होतास मला असाच.” मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि काटेवाल्याच्या पाठीवर थापा पडल्या. हसण्याच्या शेवटी शिंप्यानं पुन्हा विचारलं, “आणि पोरीचं?” तेव्हा त्यानं सांगितलं. मग पट तसाच राहिला. साडेआठच्या आधीच शटर खाली आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून काटेवाला बाटल्यांच्या कारखान्यात गेला. फाटकावर पास घेतला. वेल्फेअरचे साहेब गणवेशांच्या गठ्ठ्यांमागं बसले होते. कँटीन, गणवेश, रक्तदान आणि खेळ असं सगळं त्यांच्याचकडं होतं. काटेवाल्यानं घडी उलगडून डावाचा कागद टेबलावर ठेवला. लेकीच्या अक्षरात चाली होत्या.

“साहेब, पहिल्या आठ चाली बघा.”

“मला यातलं कळत नाही हो काका.”

“या आठ चाली माझ्या आहेत. तिच्या नाहीत. तिला हे खेळायचंच नव्हतं. मी खेळायला लावलं. नवव्या चालीपासून ती खेळलीय. तिथून डाव सम होता, आणि तिथून तिनं एक प्यादं वर काढलंय. कोणालाही विचारा, गणिताच्या बाई आहेत एक, त्यांना विचारा. तिचं स्वतःचं खेळू दिलं असतं तर...”

“तर जिंकली असती?”

काटेवाला थबकला. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण ते नीट जुळून आलं नाही. “सांगता येत नाही. पण चूक माझी आहे, तिची नाही. एवढं तरी कुठंतरी लिहून घ्या.”

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं फाईल काढली, स्पर्धेचा तक्ता काटेवाल्याकडं फिरवला. “हे बघा. नाव, विभाग, गुण, क्रमांक. यात सुरुवात कोणी निवडली याला रकानाच नाही. मी लिहू कुठं? आणि लिहिलं तरी वर जाऊन कोण वाचणार?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दुसऱ्या क्रमांकाला प्रशस्तिपत्रक आहे. त्यावर नाव बरोबर येईल एवढं मी बघतो.”

“नाव बरोबर येईल ना?”

“येईल.”

काटेवाल्यानं डावाचा कागद घडी करून खिशात ठेवला, पास परत केला आणि फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. भोंगा झाला. पाळी सुटली, बायकांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात लेक. दिव्याकडं बघून बघून तिचे डोळे लाल झाले होते. त्याला पाहून ती जागीच थांबली.

“तुम्ही इथं कशाला?”

“सहज.”

“सहज आत जायला पास लागतो. तुमच्या खिशाला अजून टाचणी आहे पासाची.”

त्यानं टाचणी काढली. कुठं टाकावी ते न कळून हातातच धरली.

“साहेबांकडं गेला होतात?”

“हो.”

“काय सांगितलंत?”

“खरं होतं ते.”

“मग?”

“रकाना नाही म्हणाले.”

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलताहेत असं वाटलं, पण ती हसतेय की काय, हे त्याला पाठीमागून कळेना. फिरली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. “अकरा दिवस राहिलेत अजून,” ती म्हणाली. “तेवढे तरी मला इथं मान वर करून येऊ द्या. पुन्हा नका येऊ.”

“नाही येत.”

बस आली. दोघं रेटारेटीत चढले. खिडकीशी एक जागा रिकामी झाली, ती तिनं पटकन हात टेकवून अडवली आणि त्याला बसायची खूण केली.

“तू बस. आठ तास उभी आहेस.”

“बसा.”

“अगं, मी काय दमलोय?”

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. जोर फारसा नव्हता. काटेवाला बसला.